स्वाराचा मेहनताना

रेसच्या घोड्याला किती किंमत पडते, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या पाठीवर बसणाऱ्या पोराची किंमत कशी ठरते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हां दोघा भावांना ते विचारावे लागले, कारण आमचा भाचा जॉकी आहे आणि त्याच्या वतीने बोलायला दुसरे कोणी नव्हते.

आम्ही रत्नागिरीच्या मांडवीचे. आमच्याकडे घोडा म्हणजे फार तर वरातीतला. आपा लग्न होऊन मुंबईला आग्रीपाड्यात गेली. तिथून महालक्ष्मीचे रेसकोर्स पायी जाण्याइतके जवळ. १८८३ सालापासूनचे हे मैदान, पण आमच्या खानदानात तोवर कोणी त्याच्या फाटकातून आत गेलेले नव्हते. आपाचा धाकटा अंगाने बारीक आणि जनावरांचा वेडा. तो तबेल्यात जाऊ लागला, पहाटे घोडे फिरवू लागला आणि पुढे शिकाऊ जॉकी झाला.

शिकाऊ असेपर्यंत काम मिळण्याची चिंता नव्हती. शर्यतीत कोणत्या घोड्याने किती वजन वाहायचे ते आधी ठरलेले असते. शिकाऊ पोर वर बसला, तर त्यात काही किलोंची सूट मिळते, म्हणून मालक त्याला घेतात. ठरावीक शर्यती जिंकल्या की ही सूट संपते. मग पेसी श्रॉफ, अस्लम कादर यांच्यासारख्यांनी जिथे नाव कमावले, त्या ट्रॅकवर त्याला बाकीच्यांच्या बरोबरीने उभे राहावे लागते. भाच्याची सूट संपली तेव्हा त्याचा फोन आला, "मामू, माझ्याच्याने पैशाचं बोलवत नाही. तुम्ही या."

अमेरिकेत जॉकीचा एजंट हा रीतसर धंदा आहे. तो जॉकीच्या मिळकतीतला साधारण पाव हिस्सा घेतो. इंग्लंडमध्ये एका राइडची फी ठरलेली असते, आणि एजंटचे खरे काम चांगले घोडे मिळवून देण्याचे. आपल्याकडेही राइडची फी आणि बक्षिसातला वाटा क्लबच्या चौकटीत बसतो. घासाघीस होते ती त्याबाहेरच्या गोष्टींवर. वर्षभर बांधून घेण्याचे किती? पावसाळ्यात पुण्याच्या सीझनला राहण्या-जाण्याचा खर्च कोणाचा? पहाटेच्या सरावाचे काय? ऐनवेळी त्याला उतरवून दुसऱ्याला बसवले तर? आणि पडला तर? महालक्ष्मीवर पडलेला तरुण जॉकी कार्ल उमरीगर १९७९ साली गेला, ते जुन्या लोकांच्या अजून लक्षात आहे.

आम्हांला घोड्यातले काही कळत नव्हते, पण बोलणी कशी करायची ते मांडवीत शिकलो होतो. शेजारच्या मिरकरवाडा बंदरात हंगामाच्या तोंडावर तांडेलाची बोली ठरते. उचल किती, वाटा किती, डिझेल-बर्फ वजा जाता उरलेल्यातून कोणाला काय, हे होडी पाण्यात लोटण्याआधी ठरवायचे. आमचे अब्बा अशा बोलण्यांत मध्यस्थ असत. ते म्हणत, मासळी मिळणे अल्लाच्या हाती, पण होडी नेऊन परत आणणे तांडेलाच्या हाती. जे त्याच्या हाती आहे, त्याचा पैसा आधी पक्का करा. मासळीचे मग बघू.

हेच धरून आम्ही एका घोडामालकाच्या माणसासमोर बसलो. माणूस बोलायला गोड. चहा झाला, बिस्किटे झाली. वर्षाची रक्कम आम्ही सांगितली तशी तो हसला. म्हणाला, "एवढी रोकड कशाला बांधून घेता? आम्ही प्रत्येक शर्यतीला पोराच्या नावाने काही रक्कम लावतो. जिंकला तर सगळी त्याची. तुमच्या आकड्यापेक्षा जास्त होईल."

आम्ही नाही म्हटले. एक तर जॉकीने पैसे लावणे नियमाने बंद आहे; उघडकीस आले तर लायसन्स जाते, आणि ते पोराचे जाते, मालकाचे नव्हे. दुसरे, ही कमाई उघड जुगाराची, कुराणाने मना केलेली. तिसरे कारण अब्बांचे होते. असा पैसा घेतला की हरलेल्या दिवसाची मेहनत फुकट जाते. घोडा कमी पडला तरी पोराने जीव धोक्यात घातलेलाच असतो.

त्यावर तो माणूस म्हणाला, "मियाँ, मग तुमची फी तरी कुठून येते? क्लबचा पैसा बेटिंगचाच ना?"

हा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण आपल्या समाजातही तोच विचारला जातो. भाच्याच्या लग्नाची बोलणी दोनदा याच कारणाने मोडली. "रेसवाला" एवढा शब्द पुरला. पोराने आयुष्यात एक रुपया लावलेला नाही, हे ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही.

घोडे पळवणे आपल्या दीनमध्ये निषिद्ध नाही. रसूलल्लाहनी स्वतः मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या आणि इब्न उमर त्यांत धावले, हे सहीह बुखारीत आलेले आहे. निषिद्ध आहे ती पैज. आपण कोकणी मुसलमान शाफई. आपल्या फिक्हात इजारा वेगळा आणि जुआला वेगळा. इजारा म्हणजे कामाची ठरलेली मजुरी, जुआला म्हणजे काम तडीस नेले तर मिळणारे इनाम. दोन्हींत माणूस आपल्या मेहनतीचे घेतो. तिकीट-खिडकीवर उभा असलेला माणूस कसली मेहनत करतो?

तरी पैशाच्या उगमाचा पेच उरतो, हे कबूल. कायद्यालाही तो सुटलेला नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. सरकारने सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या बेटिंगला कॅसिनो आणि लॉटरीच्या रांगेत बसवून ४० टक्के जीएसटी लावला. आम्ही फतवा देणारे नव्हेत. भाच्याला एवढेच सांगितले की ठरलेली फी घरखर्चाला घे, इनामाबद्दल मनात शंका असेल तर आलिमला विचार, आणि लावलेल्या पैशाला शिवू नकोस. पण ज्या घरांतून नकार आला, त्यांतल्या एका घरचा मुलगा बँकेत कर्जखात्यात आहे. त्याच्या पगाराचा उगम कोणी विचारीत नाही, आणि विचारावा असे आम्हीही म्हणत नाही. फक्त तराजू एकच असावा.

त्या मालकाने नंतर फोन केला नाही. भाचा तीन आठवडे जवळजवळ घरीच बसला. आपा आमच्याशी नीट बोलेना. तिचेही चुकले नाही, चूल तिची होती. मग एका ट्रेनरने बोलावले. रक्कम आमच्या आकड्याहून कमी, पण महिन्याच्या महिन्याला, हरो वा जिंको. पुण्याचा खर्च त्याचा. ऐनवेळी उतरवले तरी त्या राइडची फी द्यायची. हे सगळे कागदावर आले. त्यातले आम्ही काही घेतले नाही. मामूला कसली दलाली?

एक कलम तेवढे राहिले. पडून हाड मोडले, तर घरी बसण्याच्या महिन्यांचे काय? ट्रेनर म्हणतो, विमा आहे. आम्ही म्हणतो, विम्याने दवाखान्याचे बिल भागेल, किराण्याचे कोण देणार? नोव्हेंबरात मुंबईचा सीझन सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत. तोवर भाचा रोज पहाटे बिस्मिल्ला म्हणून रिकिबीत पाय ठेवतो आहे, आणि ते कलम अजून कोरेच आहे.