दिवाळीत थांबलेले दुकान

बाबांचे दुकान तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडच्या मागे आहे. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, दशक्रियेच्या पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल. गावाला जे जे म्हणून छापायचे असते ते आधी तिथल्या संगणकावर जुळवले जाते. संगणक जुनाच. तो बदला, असे येणारा-जाणारा सांगतो. पण बाबांचा सगळा संसार त्या जुन्या पेजमेकरवर आणि जुन्या मराठी फाँटवर चालतो, आणि त्या दोहोंच्या मूळ सीड्या घर बदलताना कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे संगणक गेला तर दुकान गेले, इतका साधा हिशेब.

त्याच संगणकात आजीच्या ओव्याही होत्या. रात्री दुकान बंद झाल्यावर बाबा तिला स्टुलावर बसवत. ती डोळे मिटून ओवी म्हणायची आणि बाबा टाइप करायचे. जाते नाही तर ओवी आठवत नाही म्हणून ती हात मात्र गोल फिरवत राही.

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा ठरवले की या सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची. मी पेन ड्राइव्हवर सगळ्या फाइली उतरवल्या आणि मोठ्या ऐटीत शेजारच्या मुलाच्या नव्या लॅपटॉपवर उघडल्या. पाहते तो काय, आजीच्या ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा! जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. फाँट नसेल तर मागे उरते ती रोमन अक्षरेच. महानुभावांच्या सकळ लिपीतली पोथी किल्लीवाचून हाती पडावी, तशी माझी अवस्था झाली. फाइल सगळी होती, ओवी मात्र एकही नव्हती.

आमचा संगणक दुरुस्त करणारा दादा हसला. म्हणाला, "फाइली काय नेतेस? अख्ख्या डिस्कचा घोस्ट मार." घोस्ट हे 1990 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या एका प्रोग्रामचे नाव. त्याची घरगुती वापराची आवृत्ती विकली जाणे कधीच बंद झाले, पण दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी ते नाव क्रियापदासारखे राहिले आहे. दादाने मला क्लोनझिला नावाचा तैवानमधला फुकट मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून दिला आणि त्यातले मर्म समजावले. डिस्क ही बारीक बारीक खणांची बनलेली असते. एका खणाला सेक्टर म्हणतात आणि आमच्या डिस्कच्या एका सेक्टरात 512 बाइट मावत. बाबांची डिस्क 320 गिगाबाइटची, म्हणजे तिच्यात साडेबासष्ट कोटी खण झाले! आपण फाइल उतरवतो तेव्हा काही खणांतला माल तेवढा उचलतो. डिस्कची इमेज घेतो तेव्हा कोणता माल कोणत्या खणात आहे ती जागाही टिपली जाते. संगणक सुरू कसा व्हावा याच्या सूचना, डिस्कचे भाग कसे पाडले आहेत तो तक्ता, लपलेल्या फाइली, फाँट, पेजमेकर, झाडून सगळे त्यात येते. रिकामे खण सोडून दिले जातात, म्हणून इमेज डिस्कपेक्षा पुष्कळच लहान होते. घर हलवताना सामानाबरोबर भिंतीतले खिळे आणि देवघराची दिशासुद्धा न्यावी, तसा हा प्रकार. संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू केला, कारण चालत्या घराचे चित्र हलते येते. दोन-अडीच तासांत सारे दुकान बाहेरून जोडलेल्या एका डिस्कवर जाऊन बसले. आईने त्या डिस्कला कुंकवाचे बोट लावले. मी हसले, आणि निश्चिंत मनाने कॉलेजला परत आले.

फाल्गुनात आजी गेली. चैत्रात, ऐन लग्नसराईत, बाबांच्या डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी संगणक उठलाच नाही. मी रातोरात घरी आले. नवी डिस्क आणली. ती जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी हवी, एवढी एकच अट असते. टेबलावर एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन डिस्का समोर होत्या. चुकून भलत्याच डिस्कवर लिहिले गेले असते तर आमची एकुलती एक प्रत पुसली गेली असती. क्लोनझिलाही लिहिण्याआधी दोनदा विचारतो, खरेच ना? दोन्ही वेळा माझा हात थांबला. दोन्ही वेळा मी कुंकू पाहून घेतले, आणि या खेपेला हसले नाही.

आणखी एक भीती होती, ती मी बाबांना सांगितली नव्हती. ही इमेज मी एकदाही परत लावून पाहिली नव्हती. ती धड आहे की नाही हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हते. सहा महिने मी ज्या गोष्टीला प्रत म्हणत होते, ती केवळ माझी समजूत होती.

पहाटे संगणक सुरू झाला. पेजमेकर उघडला, फाँट उघडला. बाबांनी मला जवळ घेतले. घड्याळ त्या दिवसाची वेळ दाखवत होते, पण पडद्यावर बाकी सगळी दिवाळीच होती. भेटकार्डांचे नमुने, दिवाळीतली उधारीची यादी. दुकान जिवंत झाले होते, पण ते दिवाळीतच थांबलेले होते. मग बाबांनी ओव्यांची फाइल उघडली, शेवटपर्यंत गेले आणि गप्प बसले. दिवाळीनंतर आजीने आणखी चाळीसेक ओव्या सांगितल्या होत्या. त्या त्यात नव्हत्या. असणार कशा? एकदा घेतली ना इमेज, मग पुन्हा कशाला, असे म्हणून संक्रांतीच्या सुट्टीत मी ती घेतली नव्हती. जुनी डिस्क वाचून देणाऱ्याने सांगितलेली रक्कम आमच्या अख्ख्या मोसमाच्या कमाईएवढी होती.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्राविषयी वर्गात ऐकले होते. धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहिली गेली, असे परंपरा सांगते. म्हणून तिचे निरनिराळे पाठ. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. उन्हाळ्यात आई आणि आत्या ओट्यावर बसून आजीच्या ओव्या आठवू लागल्या, तेव्हा ते मला समजले. तेवीस ओव्या परत मिळाल्या. त्यांतल्या नऊ दोघींनी वेगवेगळ्या सांगितल्या आणि दोघीही आपलीच खरी म्हणून हटून बसल्या. मी वहीत दोन्ही लिहून घेतल्या, 'आईचा पाठ' आणि 'आत्याचा पाठ'. उरलेल्या सतरांना कोणताच पाठ नाही.

आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुकानाची इमेज निघते. दोन डिस्का आळीपाळीने वापरतो. एक घरी असते, दुसरी आत्याकडे. सुट्टीत गेले की मी त्यांतली एक प्रत एका रिकाम्या डिस्कवर लावते, संगणक त्यावरून उठवते आणि ओव्यांची फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहते. बाबा त्यासाठी शनिवारीच फोन करतात. म्हणतात, "उद्या प्रत काढायचीय गं. आईला सांगितलंय, कुंकू नवं लावायचं."