पाण्याकाठी राहून आलेल्या मनूस

येळ्ळूर, कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. मनू,

पवना धरणाकाठी तंबूत राहून आलात, त्याचे फोटो बघितले. मागं तिकोना, पुढं पाणी आणि मध्ये तुझी पोरं पांघरुणात गुरफटून बसलेली. जीव सुखावला. पण धाकट्याला फोनवर विचारलं, "हे पाणी पुढं कुठं जातं रे?" तर म्हणाला, "कुठंच नाही, तिथंच असतं."

अगं, पिंपरी-चिंचवडच्या नळांना हेच पवनेचं पाणी येतं. ज्या पाण्याकाठी निजलात, तेच घरी येऊन प्यालात. एवढं त्याला सांग. मग काठावर वेफर्सची पिशवी टाकायला त्याचा हात धजायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत इकडं या. पहिल्या दिवशी राजहंसगड. आता गाडी वरपर्यंत जाते, तरी पोरांना चालवतच नेऊ. तुझा बाबा आणि मी अनवाणी चढायचो. वर सिद्धेश्वराच्या देवळात जरा टेकायचं, मग तटावरून आपलं शिवार शोधायचं. महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण 2023 साली झालं, तोही तू अजून बघितला नाहीस. गड डोळ्यांत भरून खाली आली, की अंगणात मातीचा किल्ला पोरं आपसूक करतील.

दुसऱ्या दिवशी बेळगुंदीवरून राकसकोपला. मार्कंडेय नदी अडवलेली आहे तिथं. बेळगाव शहर तिचं पाणी पितं. धरणाखाली हीच नदी गोडचिनमलकीला धबधबा होऊन कोसळते, गोकाकजवळ घटप्रभेला मिळते आणि पुढं कृष्णेत जाते. आणि कणकुंबी गावाची तर गंमतच. तिथं उगवलेली मलप्रभा पूर्वेला वळते, तर तिथलाच कळसा नाला म्हादईतून गोव्याच्या समुद्राला जातो. पाऊस एकच, पण थेंब या अंगाला पडला की त्या, यावर त्याचा समुद्र ठरतो. हे पोरांना नकाशावर नको, उभं राहून दाखवायचं आहे मला.

राकसकोपला मुक्काम मात्र करायचा नाही. लोकांच्या पिण्याचं पाणी आहे ते. आणि पाण्यात पायही घालायचा नाही. पाणी ओसरलं की काठ वरून वाळलेला दिसतो, खाली गाळ असतो. लहानपणी माझा पाय मांडीपर्यंत रुतला होता एका तळ्यात. तुझ्या बाबानं काठी पुढं करून ओढलं. तो गार चिखल अजून आठवतो.

रात्री निजायचं आपल्या शेतात. सुगीत आम्ही सगळी खळ्यावर राखणीला असायचो. मळलेल्या बासमतीचा वास, शेजारी गंजी, अंगावर घोंगडं. पहाटे जाग यायची ती घोंगड्याच्या काठावर दव साचून गालाला लागलं की. आई शेकोटीत रताळी पुरायची. साल करपून काळी व्हायची आणि फोडली की आतून वाफ. तुझा बाबा पहिलं रताळं मला द्यायचा, फुंकर घालून.

तो असता तर आपणहून पोरांना घेऊन आला असता.

तंबू आणू नकोस, घोंगडी चार आहेत. बॅटरी आणि कानटोप्या तेवढ्या आण. रताळी मी बेळगुंदीहून सांगून ठेवली आहेत.

तुझी,
आत्या