सासवण्याचे शिल्पघर

कोलाडच्या स्टेशनात भरल्या मालमोटारी आगगाडीवर चढतात आणि गोव्याकडे निघतात. १९९९ पासूनचा हा प्रकार, पण आमची मुले तो पाहताना हरखून गेली. "बाबा, एवढं उंच सामान बोगद्यात अडकत नाही?" धाकट्याने विचारले आणि मला दुसऱ्याच एका गाडीची आठवण झाली. १९२८ साली शिवछत्रपतींचा साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा मुंबईहून पुण्यास असाच रुळांवरून गेला. बोगदा आला की गाडी थांबवून पुतळा मावतो ना, ते पाहत म्हणे! तो घडविणाऱ्या विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकरांचे घर याच रायगड जिल्ह्यात. मग काय, नागोठणे, वडखळ, पोयनाड मागे टाकीत आम्ही अलिबागमार्गे सासवण्यास पोहोचलो.

याच गावी १८९१ मध्ये ते जन्मले. वडील गणपती घडवीत. मुलाने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि मुलाला जे. जे. कलाशाळेची वाट सापडली. पुढे कलकत्ता झाले, लंडन झाले; पण घडविलेली माणसे मात्र सासवण्यालाच येऊन राहिली आहेत. कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, हमाल आहे. दीडशेच्या आसपास शिल्पे! अंगणातली म्हैस पाहून आमची मंडळी दोन पावले मागेच सरली.

यातली बरीचशी कामे चक्क सिमेंटची. ब्राँझला पैसा लागतो. सिमेंटला हात लागतो. पण बाहेर समुद्र, त्याचे खारे वारे आणि कोकणचा चार महिन्यांचा पाऊस! प्लॅस्टरला ओल चढते, सिमेंटवर शेवाळ धरते. १९६७ साली नानासाहेब गेले. त्यानंतर घरच्यांनी, विशेषतः त्यांच्या सूनबाईंनी, हा पसारा वर्षानुवर्षे सांभाळला आणि लोकांसाठी दार उघडे ठेवले. आमच्या शोकेसमधले दोन मातीचे हत्ती दिवाळीला एकदा पुसले जातात, तेही आठवण केल्यावर!

"पण हे सगळं रोज कोण पुसणार हो?" निघताना सौभाग्यवतींनी विचारले. मी नुसताच चपला शोधू लागलो. धाकटा तेवढ्यात परत अंगणात धावला होता. म्हशीच्या पाठीवर पडलेले आंब्याचे वाळके पान त्याने हलकेच उचलले आणि खिशात घातले.