अठ्ठाविसावा आउट

बेसबॉलचं नाव काढलं की आपल्याकडचे क्रिकेटवाले लगेच नाक मुरडतात. "त्यात काय, फुलटॉसच तर मारायचे!" असो. तर मंडळी, ज्यांना हा खेळ रटाळ वाटतो त्यांनी अमेरिकेतल्या मेजर लीगचा २०१० चा मोसम एकदा बघाच. एकेका टीमच्या १६२ मॅचेस. एवढ्या मॅचेस खेळल्यावर काहीतरी विचित्र घडणारच म्हणा, पण त्या वर्षी जरा अतीच झालं.

टोरांटोच्या होजे बाउटिस्टाचंच बघा. आधीच्या सहा मोसमांत मिळून त्याच्या होमरन होत्या ५९. त्या एका वर्षात त्याने मारल्या ५४! एडविन जॅक्सनने तर आठ जणांना वाईड टाकून टाकून फुकटात पहिल्या बेसवर पाठवलं, एकूण १४९ चेंडू टाकले, पण समोरच्या टॅम्पा बे टीमला एकही हिट मिळू दिली नाही. आणि गंमत म्हणजे हीच टॅम्पा बे शेवटी आपल्या डिव्हिजनमध्ये पहिली आली!

पण मला खरं सांगायचंय ते आर्मांडो गालारागाबद्दल.

त्याआधी 'परफेक्ट गेम' म्हणजे काय ते सांगतो. नऊ इनिंग्ज, प्रत्येकीत तीन, असे २७ आउट. एकाच पिचरने सगळे २७ ओळीने काढायचे आणि समोरच्या एकालाही पहिल्या बेसवर पोचू द्यायचं नाही. मेजर लीगच्या इतिहासात २०१० च्या आधी असं फक्त १८ वेळा झालं होतं. त्या मे महिन्यात मात्र डॅलस ब्रेडन आणि रॉय हॅलडे अशा दोघांनी ते करून दाखवलं.

आणि २ जूनला डेट्रॉइटमध्ये गालारागा. मोसमाच्या सुरुवातीला खालच्या लीगमध्ये पाठवलेला, मे महिन्यात परत बोलावलेला पोरगा. २६ आउट झाले. सत्ताविसाव्याने चेंडू जमिनीलगत मारला, मिगेल काब्रेराने तो उचलून फेकला, गालारागाने पळत येऊन बेसवर पाय ठेवून झेलला. आउट! पण अंपायर जिम जॉइसने हात पसरले... सेफ.

कुंबळेच्या दहाव्या विकेटचं अपील फेटाळलं असतं तर कोटलावर काय झालं असतं, कल्पना करा. गालारागाने काय केलं? तो हसला. परत गेला आणि पुढच्या बॅटरला आउट केलं. अठ्ठाविसावा.

मॅचनंतर जॉइसने व्हिडिओ पाहिला आणि सरळ कबूल केलं, माझं चुकलं. नियमावर बोट नाही, "लाइटचा प्रॉब्लेम होता" वगैरे नाही. गालारागाला भेटून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची मुभा असूनही तो उभा राहिला, आणि टीमची यादी त्याच्या हातात द्यायला आला कोण? गालारागाच! जॉइसच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि हा काही ऐरागैरा अंपायर नव्हे. त्याच महिन्यात आलेल्या एका पाहणीत खेळाडूंनी सर्वोत्तम अंपायर म्हणून त्यालाच निवडलं.

आपल्याकडे प्रॉडक्शनला काही फुटलं की पहिला प्रश्न असतो, "हे कोणी चेक-इन केलं?" मग चाळीस जणांना सीसी मारून मेल्स सुरू. अशा वेळी मला हे दोघे आठवतात. एकाने चूक लपवली नाही, दुसऱ्याने ती वसूल केली नाही. एवढंच. पण हे 'एवढंच' भल्याभल्यांना जमत नाही, राव.

कमिशनरने निर्णय बदलला नाही. असले निर्णय व्हिडिओवर तपासायची सोय आली ती २०१४ मध्ये. त्यामुळे रेकॉर्डमध्ये आजही ती परफेक्ट गेम नाही, एक हिट दिलेली साधी मॅच आहे.

पण त्या वर्षीच्या परफेक्ट गेम्सपैकी मला विचाराल, तर मी आधी हीच सांगेन.