कीर्तिमंदिराची पायरी

बेसबॉल हा खेळ आम्हांस ठाऊक झाला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही जावईबापूंच्या कृपेने. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्हा उभयतांचा मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोजवळ कन्येकडे पाच आठवडे होता. त्या अवधीत आम्ही डोंगर पाहिले, समुद्र पाहिला, तो सुप्रसिद्ध तांबडा पूलही पाहिला; परंतु बडोद्यास परतल्यावर मनात घर करून राहिला तो एक वाद. जावईबापू आणि त्यांचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ, यांच्यात तो बहुतेक रोज सायंकाळी रंगत असे. जावईबापू तेथील जायंट्स संघाचे कट्टर अभिमानी. शेजारी मूळचे जॉर्जिया प्रांतातले, म्हणजे अटलांटाच्या ब्रेव्ह्‌ज संघाचे. दोघांनाही तिसरा श्रोता हवा होता. तो त्यांना आमच्या रूपाने लाभला.

विटीदांडू खेळलेल्या माणसाला बेसबॉल फारसा अवघड जात नाही. चेंडू फेकणारा तो पिचर. फलंदाजापासून साडेसाठ फुटांवर, मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो, आणि ताशी दीडशे किलोमीटरचा वेग तेथे कोणाला नवलाचा वाटत नाही. सुमारे सहा महिन्यांत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे सामना जवळजवळ रोजचाच. माणसाच्या कोपराला हा भार रोज सोसत नाही. म्हणून संघाजवळ साधारण पाच मुख्य पिचर असतात. ते आळीपाळीने येतात आणि प्रत्येकाला चार-पाच दिवसांची विश्रांती मिळते. शिवाय मैदानाच्या कडेला राखीव पिचरांचा एक ताफा हात मोकळे करीत बसलेला असतो. त्या जागेला ‘बुलपेन’, म्हणजे बैलांचा गोठा, असे मजेदार नाव आहे.

या ताफ्याची खोली किती, हा त्या दोघांचा नित्याचा विषय. जावईबापूंचे म्हणणे असे, की पहिले दोन पिचर कोणताही धनवान संघ विकत घेऊ शकतो. सहावा, सातवा, आठवा कसा आहे यावर सप्टेंबरमधले नशीब ठरते. शेजाऱ्यांना हे सारे पोरकटपणाचे वाटे. त्यांच्या लेखी पिचर म्हणजे सामना सुरू करून स्वतःच संपविणारा पुरुष. साय यंग नावाचा पिचर १८९० ते १९११ या काळात खेळला. त्याने ५११ सामने जिंकले आणि ७४९ सामने एकट्याने आरंभापासून शेवटपर्यंत फेकून काढले. आज पुरा सामना टाकणारा पिचर दिसला की वर्तमानपत्रांना बातमी होते. यावर जावईबापूंचे उत्तर ठरलेले : साय यंगला प्रत्येक चेंडू जीव तोडून फेकावा लागत नव्हता, आताच्याला लागतो.

आम्ही बडोदेकर असल्यामुळे या वादात आम्हांला एक पान आमचेही टाकता आले. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात आमच्या विजय हजारे आणि गुल महंमद या जोडीने चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. जगातला हा सर्वांत मोठ्या भागीचा विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला. त्या साली कोलंबोस संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागी केली. बडोद्याच्या घराघरांतून ती ५७७ ची गोष्ट फलंदाजांच्या बाजूने सांगितली जाते. पलीकडे इंदूरच्या होळकर संघाचे गोलंदाज ऊन डोक्यावर घेऊन चेंडू टाकीत राहिले, त्यांच्या खांद्यांची वास्तपुस्त कोणी करीत नाही. आमच्या इंदूरच्या वाचकांनी हे वाक्य आमच्या पदरी पुण्य म्हणून जमा करावे. शेजारी गृहस्थांना ती हकीकत फार आवडली. “त्यांच्यापाशी बुलपेन नव्हते काय?” असे त्यांनी विचारले. नव्हते, असे आम्ही सांगितले.

कोपराची गोष्ट निघाली की टॉमी जॉनचे नाव हटकून येई. हा लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर. १९७४ मध्ये त्याच्या कोपरातील बंध तुटला. त्या काळी अशा पिचरची कारकीर्द तेथेच संपत असे. डॉ. फ्रँक जोब या शल्यविशारदाने त्याच्या उजव्या हातातील एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसविला. १९७६ मध्ये तो पुन्हा उंचवट्यावर उभा राहिला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि कितीतरी पिचरांनी ती करून घेतली आहे.

नेमक्या याच ठिकाणी तो पिचरांचा निरुपद्रवी वाद उत्तेजक द्रव्यांच्या वादात शिरत असे. जावईबापू विचारीत : उजव्या हाताचा स्नायू डाव्यात बसविणे ही विद्या, आणि दुखरे कोपर लवकर बरे व्हावे म्हणून टोचून घेतलेली सुई हे पाप, ही रेघ कोणी ओढली? न्यूयॉर्क यांकीज संघाचा अँडी पेटिट याने २००२ मध्ये कोपराच्या दुखापतीवर वाढीचे संप्रेरक टोचून घेतल्याचे पुढे स्वतः कबूल केले. हे द्रव्य केवळ दंड फुगविण्यासाठी घेतले जाते, असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. आम्हांला तो प्रश्न टाळण्याजोगा वाटला नाही. त्याचे उत्तर आमच्यापुरते असे, की शस्त्रक्रिया उघड दिव्याखाली होते, तिची बातमी छापून येते, प्रतिस्पर्ध्यालाही ती करून घेता येते. सुई कुलूपबंद खोलीत टोचली जाते आणि विचारले असता नाही म्हणावे लागते. जावईबापूंना हे उत्तर अपुरे वाटले. असेलही.

या प्रकरणाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगावयास हवा. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला आणि त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली. रुसलेले प्रेक्षक परत आले ते १९९८ च्या उन्हाळ्यात. एका हंगामात ६१ होमरन हा रॉजर मॅरिसचा १९६१ चा विक्रम. (होमरन म्हणजे चेंडू कुंपणापार, आपला षटकारच म्हणा.) मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोघांनी त्या वर्षी तो मागे टाकला, एकाने ७०, दुसऱ्याने ६६. देश हर्षाने वेडा झाला. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला मॅग्वायरच्या कपाटात एका संप्रेरकवर्धक औषधाची बाटली दिसली होती. ते औषध त्या वेळी दुकानात मोकळे मिळे आणि बेसबॉलच्या नियमांत त्याला बंदी नव्हती. लोकांनी बातमी वाचली आणि पुन्हा टाळ्या वाजविल्या. २००१ मध्ये जायंट्सच्या बॅरी बाँड्सने तो आकडा ७३ वर नेला. मग २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पोषक द्रव्यांच्या प्रयोगशाळेवर छापा पडला. २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे खेळाडूंच्या साक्षी झाल्या, आणि डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी ८९ खेळाडूंची नावे असलेला अहवाल प्रसिद्ध केला. मॅग्वायरने जानेवारी २०१० मध्ये स्टिरॉइड घेतल्याची कबुली दिली. बाँड्सचे म्हणणे वेगळे : जे लावले, घेतले, ते स्टिरॉइड आहे हे आपणांस ठाऊक नव्हते. चौकशीत अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये त्याला दोषी ठरविले गेले, तो निर्णय २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने फिरविला. थोर पिचर रॉजर क्लेमेन्स याने आरोप सदैव नाकारले, आणि काँग्रेसपुढे खोटे बोलल्याच्या खटल्यातून २०१२ मध्ये तो निर्दोष सुटला.

शेजारी गृहस्थांच्या बैठकीत हँक ॲरनचे एक छायाचित्र आहे. बेब रूथचा कारकिर्दीतील ७१४ होमरनचा विक्रम या कृष्णवर्णीय खेळाडूने ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात मोडला. त्याआधी कित्येक महिने त्याला धमक्यांची पत्रे येत होती. गोऱ्या माणसाचा विक्रम काळ्याने मोडू नये, हा त्यांचा आशय. ॲरन ७५५ वर थांबला. ७ ऑगस्ट २००७ रोजी बाँड्सने तो आकडा ओलांडला आणि पुढे ७६२ वर नेला. ॲरन त्या दिवशी मैदानावर नव्हता. त्याचा अभिनंदनाचा मुद्रित संदेश मैदानावरील मोठ्या पडद्यावर दाखविण्यात आला. हे सांगताना शेजाऱ्यांचा आवाज बदलला. बाँड्सही कृष्णवर्णीयच, आणि त्याची निंदा करणाऱ्यांत सगळेच शुद्ध हेतूचे नव्हते, हे जावईबापूंनी म्हटले तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही. “त्या पत्रांना ज्याने तोंड दिले त्याचा आकडा,” एवढेच म्हणून ते उठून गेले.

जावईबापूंचे सर्वांत बळकट प्रमाण मात्र कार्यालयातल्या माणसांविषयीचे आहे. तेथे कूपर्सटाउन गावी बेसबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’ आहे. आम्ही बडोदेकर त्याला कीर्तिमंदिर म्हणणार. सयाजीराव महाराजांनी बांधविलेले आमचे कीर्तिमंदिर, नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांचे, रोजच्या वाटेवर असल्याने हा शब्द आमच्या जिभेवर तयारच असतो. तेथे प्रवेश मिळण्यास क्रीडावार्ताहरांची ७५ टक्के मते लागतात, आणि मत देताना खेळाबरोबर सचोटी व चारित्र्यही पाहावे असा नियम आहे. बाँड्स आणि क्लेमेन्स दहा वर्षे त्या पायरीशी उभे राहिले. २०२२ च्या अखेरच्या मतदानात त्यांना अनुक्रमे ६६ आणि ६५.२ टक्के मते मिळाली. नंतर त्यांची नावे लहानशा समितीपुढे गेली, तेथेही डिसेंबर २०२२ मध्ये ती नाकारली गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा. परंतु ज्यांच्या अमदानीत हे सारे घडले ते आयुक्त बड सेलिग २०१७ मध्ये सन्मानाने आत जाऊन बसले. “बाबा, तुमच्या शाळेत सामुदायिक कॉपी झाली, तर मुलांना काढून टाकून केंद्रसंचालकाचा सत्कार कराल का?” हा जावईबापूंचा प्रश्न. आम्ही सेलिग यांना आत घेतले नसते. आमचे मत कोणी विचारलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

विक्रम पुसावा काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद चुकीची निघाली तरी ती खोडरबराने घासावयाची नसते. तिच्यावर एकच आडवी रेघ मारून, खालचे अक्षर वाचता येईल अशी ठेवून, बाजूला दुरुस्ती आणि सही करावयाची असते. बाँड्सच्या ७५६ व्या होमरनचा चेंडू एका वस्त्रव्यावसायिकाने साडेसात लाख डॉलरांस घेतला, त्याचे काय करावे यावर लोकांचा कौल मागितला, आणि कौलाप्रमाणे त्यावर तारांकनाची खूण उमटवून तो कूपर्सटाउनला दिला. चेंडू आत आहे, फलंदाज बाहेर. जावईबापूंना हा अपमान वाटतो. आम्हांला ती व्यवस्थित ठेवलेल्या रजिस्टरातली नोंद वाटते.

मात्र या सगळ्या वादात एका माणसाचे नाव कधी निघत नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नाही. पिचरांच्या ताफ्यातला तो नववा किंवा दहावा. त्याने सुई नाकारली. त्याच्या शेजाऱ्याने घेतली, त्याचा चेंडू थोडा वेगवान झाला, आणि तो वर गेला. हा मात्र छोट्या गावांच्या संघांतून चार वर्षे बसप्रवास करून घरी परतला. तो कीर्तिमंदिराच्या मतपत्रिकेवर येत नाही, तारांकन त्याच्यासाठी नसते. आम्हांला अधिक आस्था वाटते ती त्याची.

याला कारण आहे. आमच्या शाळेत एक मुलगा गोळाफेक करीत असे. अंग मजबूत, स्वभाव अबोल. दहावीच्या वर्षी त्याचे वडील, हातावर पोट असलेला माणूस, आमच्या कार्यालयात आले. व्यायामशाळेतील कोणी त्यांना सांगितले होते, की दोन महिन्यांचा इंजेक्शनांचा क्रम केला तर मुलगा राज्यापर्यंत जाईल, पुढे पोलिसात नोकरी. “साहेब, पैशाची सोय केली आहे, तुम्ही फक्त हो म्हणा.” आमच्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासून उभे आहे, आमचे आजोबा तेथे जात, आणि खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप एवढीच त्यांची व्याख्या होती. परंतु आजोबांच्या गोष्टी सांगून गरजू माणसाचे समाधान होत नाही. आम्ही त्यांना बसविले आणि कोवळ्या वयात या द्रव्यांनी हाडांची वाढ वेळेआधी थांबते, यकृतावर व हृदयावर आघात होतो, हे समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि दुसऱ्यांनी घेतले तर?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते आम्ही त्यांना तसेच सांगितले. इंजेक्शने दिली गेली नाहीत. जिल्ह्यात मुलगा दुसरा आला. पहिला आलेल्या मुलाविषयी मैदानावर कुजबुज होती. पण शालेय स्पर्धेत तेथे तपासणी नव्हती, आणि कुजबुजीवर आम्ही कोणाच्याही लेकराला दोषी मानणार नाही, मग ते बडोद्यातील असो वा अमेरिकेतील. मुलाने आम्हांला एकदाच विचारले, “सर, त्याची तपासणी का नाही झाली?” आम्ही संबंधित कार्यालयास पत्र लिहिले. पोचपावती आली.

बारावीनंतर तो शाळा सोडल्याचा दाखला घ्यावयास आला. तो आता एका गोदामात माल चढविण्याचे काम करतो. दाखल्याबरोबर क्रीडाविषयक प्रमाणपत्रही हवे, असे तो म्हणाला. लेखनिकाने ते लिहून आमच्यापुढे ठेवले : गोळाफेक, जिल्हास्तर, द्वितीय. रजिस्टरात तेवढेच होते. आम्ही सही केली, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत तो दाराशी उभा होता.