लांब फळी आणि आंखूड गाडी

एकत्र कुटुंबाच्या संसारांत लांब वस्तूंची वाण कधींच पडत नाहीं. पाडव्याच्या गुढीस वेळूची काठी हवी, भाद्रपदांत मखरासाठीं बांबू हवे, जुन्या घराची वांटणी झाली कीं कोणाच्या तरी वांट्यास सागवानी झोपाळा येतो, आणि पडद्यांच्या नळ्या तर प्रत्येक नव्या बिऱ्हाडाच्या मागें हात धुऊन लागलेल्या असतात. उलटपक्षीं, ज्या गाडींतून ही सामुग्री घरीं आणावयाची ती मात्र आंखूडच राहिली आहे. १९८३ सालीं रस्त्यावर आलेली मारुती ८०० नाकापासून शेंपटापर्यंत सुमारें साडेदहा फुटांची होती. तिच्या मागून आलेल्या लहान गाड्या दोनतीन विती वाढल्या असतील इतकेंच. कारण चार मीटरांच्या आंतील लहान गाड्यांस २००६ पासून करांत सवलत मिळूं लागल्यावर त्यांची वाढ त्या मापाशींच थबकली.

अशा गाडीच्या मागच्या दरवाजास आमच्या घरांत लहानथोर सारेच डिकी म्हणतात. सामान थोडें लांब निघालें कीं ही डिकी लागत नाहीं. मग ती अर्धवट ओढून दोरीनें बांधावयाची, हा परिपाठ वाचकांनीं रस्त्यांत नित्य पाहिला असेल. विषय क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्यापायीं आमच्या घरांतील दोन जीव एकदां संकटांत सांपडले होते, सबब आम्हांस तो क्षुल्लक वाटत नाहीं.

तीन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठ महिन्यांत चिपळुणाकडील आमचें जुनें घर उतरविण्याचें ठरलें. ओटीवरचा झोपाळा आमच्या थोरल्या पुतण्यानें मागून घेतला. त्याच्या कड्या निघाल्या, पितळी सांखळ्या निघाल्या, पण फळी होती आठ फुटांची. ती कोणत्याही युक्तीनें गाडींत पुरी बसेना. वीतभर बाहेर राहिली. पुतण्या हाताचा मोठा व्यवस्थित. त्यानें फळीखालीं गोधडी घातली, डिकी फळीवर टेकविली आणि नव्या दोरीनें अशी आवळून बांधली कीं कुंभार्ली घाटाच्या सगळ्या वळणांत ती तसूभर हलली नाहीं. मागच्या बांकावरची अर्धी जागा फळीनें व्यापली होती. उरलेल्या जागेंत आमच्या आत्याबाई आणि पुतण्याची सहा वर्षांची मुलगी बसली.

घाटांत पाऊस लागला. सर्वांनीं कांचा वर केल्या. थोड्या वेळानें आत्याबाईंचें डोकें दुखूं लागलें आणि मळमळूं लागलें. "अरे, मला घाट लागला रे बाबा," असें त्या म्हणाल्या, आणि कोणासही त्यांत नवल वाटलें नाहीं. आलेपाकाची वडी झाली, लिंबू हुंगून झालें. मुलगी गाढ झोंपली होती, तिचें तर कौतुकच झालें. कोयनानगराच्या पुढें चहासाठीं थांबले तेव्हां आत्याबाई पडवींत बसल्या आणि अर्ध्या घटकेंत त्यांस हुशारी वाटूं लागली. मुलीस मात्र जागें करावयास फार हांका माराव्या लागल्या. पुन्हां गाडी सुरू झाली आणि पाटण यावयाच्या आंत आत्याबाईंचें डोकें पुन्हां ठणकूं लागलें. आतां घाट तर मागें पडला होता.

आमची धाकटी पुतणी मुंबईस डॉक्टर आहे. तिला दूरध्वनि केला तेव्हां तिनें औषधाचें नांव सांगितलें नाहीं, पहिला प्रश्न विचारला तो असा, "दादा, डिकी उघडी आहे कां?" होय म्हणतांच ती म्हणाली, "मग आधीं सगळ्यांना खालीं उतरव. गाडी बंद कर. आणि आत्याआजी आणि छकुली, दोघींनाही दवाखान्यांत ने. बऱ्या वाटल्या तरी ने."

फळी पाटणांत एका ओळखीच्या दुकानदाराकडे टाकून डिकी लावण्यांत आली, आणि चारी कांचा खालीं करून, भिजत, मंडळी कराडास पोंचली. तेथें दोघींस कांहीं तास मुखवट्यानें प्राणवायू देण्यांत आला. दोघीही सुखरूप आहेत.

हें काय झालें होतें, तें पुतणीनें मागाहून आम्हांस समजावून दिलें. गाडी धांवते तेव्हां वारा तिच्या टपावरून व बाजूंनीं निसटून जातो. पण जिचें पाठीमागचें अंग भिंतीसारखें उभें कापलेलें आहे अशा गाडीच्या मागें तो लगेच मिळून येत नाहीं. तेथें कमी दाबाची एक पोकळी सतत ओढत नेली जाते आणि तींत हवेचे भोंवरे फिरत राहतात. सायलेन्सरचें तोंड नेमकें त्याच पोकळींत उघडतें. डिकी बंद असली तर तो धूर मागच्या कांचेवर घुटमळून विरून जातो. (पावसाळ्यांत लहान गाड्यांची मागचीच कांच सर्वांत आधीं चिखलानें माखते, तेंही या भोंवऱ्यांमुळेंच.) परंतु डिकीस फट असली आणि पुढच्या कांचा मिटलेल्या असल्या, म्हणजे तोच धूर आंत येतो. यासाठीं फट मोठी असावी लागत नाहीं.

त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं. रक्तांतील प्राणवायू वाहून नेणारें जें हिमोग्लोबिन, त्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट चिकाटीनें धरून बसतो. मग छाती श्वास घेत असते, पण शरीर उपाशी राहतें. डोकेंदुखी, मळमळ, भोंवळ, ग्लानि हीं त्याचीं लक्षणें. आणि घाटांत गाडी लागली म्हणजे तीं वेगळीं कशीं ओळखावीं? ओळखण्याची खूण एवढीच कीं, मोकळ्या हवेंत उतरतांच बरें वाटतें, गाडींत बसतांच पुन्हां होतें, आणि एकाहून अधिक माणसांस होतें. झोंपलेल्या मुलाचा धोका सर्वांत मोठा, कारण तें तक्रार करीत नाहीं.

आणखी एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. २०२० च्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजावयाचें लहान यंत्र आलें आहे. या विषबाधेंत त्यावर विसंबूं नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलें रक्तही त्या यंत्रास लालभडकच दिसतें आणि तें खुशाल अठ्ठ्याण्णव दाखवितें. खरें मोजमाप रुग्णालयांत रक्त तपासूनच होतें.

नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेमुळें हा वायू पूर्वींपेक्षां पुष्कळच कमी झाला आहे, हें खरें. तथापि ती यंत्रणा तापल्यावांचून नीट काम करीत नाहीं, आणि जुन्या गाडींत ती निकामी झालेली असूं शकते. आमच्या भाच्याची गाडी विजेवर चालते. "मामा, माझ्या गाडीला सायलेन्सरच नाहीं," असें तो मोठ्या ऐटीनें सांगतो. त्याच्या गाडीचा धूर नाहीं हें कबूल. पण पुढच्या मालमोटारीचा आहे, आणि दोरी तर त्यालाही बांधावीच लागते.

तेव्हां आमचा कौल असा कीं, शक्यतों डिकी लावूनच सामान आणावें. पुढच्या डाव्या आसनाचें डोक्याचें उसें काढून आसन पूर्ण मागें लवविलें आणि मागचा बांक दुमडला, तर डाव्या पायदानापासून डिकीच्या कोंपऱ्यापर्यंत तिरकी जागा मिळते. आमच्या गाडींत ती साडेसात फूट भरली. आपल्या गाडीची एकदां सुतळीनें मोजून ठेवावी. मात्र अशा वेळीं त्या बाजूस पुढें वा मागें कोणीही बसूं नये, आणि वस्तूचें टोंक पुढच्या कांचेस भिडवूं नये. अकस्मात् ब्रेक लागला कीं मागचें सगळें वजन पुढें धांवतें.

इलाज नसेल आणि डिकी अर्धवट ठेवून जवळपास जावयाचेंच असेल, तर सामान आणि डिकी हीं दोन निराळीं बांधावीं. सामानास धरून ठेवण्याचें काम डिकीकडे देणें म्हणजे कडीच्या भरंवशावर भिंत उभी करणें होय. सामान आंतल्या पट्ट्यांच्या मजबूत खिळणीस किंवा आसनाच्या पायास बांधावें. डिकी उचलून धरणारे जे दोन दाबाचे दांडे असतात ते तिला वर ढकलूं पाहतात, आणि खड्ड्यांत ती आपटते. म्हणून तिच्या व सामानाच्या मध्यें जुनी गोधडी घडी करून ठेवावी आणि डिकी तीवर घट्ट दाबून बसेल इतकी ओढावी. उंबऱ्यावर कुलुपासाठीं जो लोखंडी कोयंडा असतो तो दोरी ओंवण्यास उत्तम. प्लास्टिकचा बंपर, पाणी पुसणारा दांडा किंवा शोभेची पट्टी यांस दोरी कदापि बांधूं नये. ओली झाली कीं नायलॉनची दोरी थोडी सैलावते आणि रबरी दोरी तर ताणली जाण्यासाठींच जन्मलेली. दांतेचाकाचा पट्टा मिळाला तर तोच बरा. नसल्यास टेंपोवाले करितात तसें दोरीच्या मध्यें एक फांस ठेवून, शेवट खालच्या कोयंड्यांतून घेऊन त्या फांसांतून ओढावा. जोर जवळजवळ दुप्पट लागतो. मैलभर गेल्यावर उतरून एकदां हात लावून पाहावें.

आणि दोरीइतकीच हवेची व्यवस्था. पुढच्या दोन्ही कांचा उघड्या, पंखा पूर्ण वेगानें, आणि आंतलीच हवा फिरविणारें बटण बंद करून बाहेरची हवा आंत घेणारें चालू. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचाही उपदेश असाच आहे कीं, मागचें दार उघडें ठेवणें झालें तर झडपा वा कांचा उघडून हवा आरपार वाहूं द्यावी. पावसानें कांचा मिटाव्या लागणार असतील तर निघूंच नये. आणि मुलें व वृद्ध यांस रिक्षेनें पाठवावें.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, बाहेर आलेल्या टोंकास लाल फडकें बांधलें म्हणजे कायदा प्रसन्न होतो. तसें नाहीं. मागें लोंबणाऱ्या सळयांनीं इतके बळी घेतले कीं, २०१४ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन त्याबाबतची पूर्वींची मुभा काढून घेण्यांत आली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ मध्यें जें कलम घातलें गेलें त्याअन्वयें मर्यादेबाहेर माल काढून गाडी चालविल्यास वीस हजार रुपये दंड असून तो माल उतरविण्याचा खर्च देण्याची जबाबदारीही चालविणाऱ्यावरच आहे. शिवाय डिकी वर राहिली कीं नंबराची पाटी आकाशाकडे पाहूं लागते, आणि कांहीं गाड्यांचे मागचे दिवेही तिच्यावरच बसविलेले असतात. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास अंधारांत ना दिवा दिसतो, ना फळीचें टोंक.

या सर्व खटाटोपापेक्षां छोटा हत्ती बोलवावा हें आमचें मत. टाटांची ही लहान मालगाडी २००५ सालीं पुण्याच्या कारखान्यांतून निघाली आणि लोकांनींच तिला हें नांव दिलें. भाडें पडतें, त्यावरून घरांत थोडी कुरकुरही होते. आमच्या वहिनींनीं पहिल्यांदा तो आंकडा ऐकून फळीची किंमत काय म्हणून विचारलें होतें. पुढें पाटणाहून फळी आणली ती मात्र याच वाहनानें, आणि तें भाडें वहिनींनींच हातावर ठेवलें.

राहतां राहिले बांबू. त्यांस हत्तीची गरज नाहीं. पुण्याच्या बुरूड आळींत, किंवा आपल्या गांवीं जेथें बांबू विकले जात असतील तेथें, विकणारा मागाल तेवढ्या लांबीचा तुकडा कापून देतो. फक्त घरून निघतांना ती मोजलेली सुतळी बरोबर घ्यावी.