बजेट मिलिमीटरमध्ये!

महिन्याच्या 25 तारखेला बँक बॅलन्स बघून शॉपिंगचा प्लॅन कॅन्सल करणारे आपण सगळेच. पण एक अख्खं गाव पावसाच्या पाण्याचं असंच बजेट मांडत असेल तर? या वीकेंडला लोणावळ्याची गर्दी सोडा आणि गाडी नगरकडे वळवा. अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचं अहिल्यानगर. तिथून साधारण 17 किलोमीटरवर आहे हिवरे बाजार.

‘पर्यावरणासाठी टेक्नॉलॉजी’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सोलर पॅनल नाहीतर सॅटेलाइट येतात. इथला हीरो मात्र साधा पर्जन्यमापक! एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर पाणी. गावाचं शिवार हजार हेक्टरच्या जवळपास. म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे एक कोटी लिटर. त्यातलं काही उडून जातं, काही वाहून जातं, काही जमिनीत मुरतं. वापरायला किती उरलं, त्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिणं, मग शेती. पाऊस कमी झाला, तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना कात्री.

मुळात इथे वर्षाचा पाऊसच सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर कोसळला होता, आठवतंय ना? 1972 च्या दुष्काळानंतर हे गाव पार खचलं. दारू वाढली, माणसं कामासाठी बाहेर पडली. 1989 मध्ये एम.कॉम. झालेले, क्रिकेटवेडे पोपटराव पवार सरपंच झाले आणि चित्र बदलू लागलं. (त्यांची ‘पद्मश्री’ 2020 ची.)

टेकडीवर चढलात, की उतारावर आडवे खणलेले समतल चर दिसतील. यामागचं सायन्स सोप्पं आहे: पळत्या पाण्याला थांबवा, मग ते आपोआप मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. सोबतीला दगडी बांध, पाझर तलाव, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. चर श्रमदानानं आणि सरकारी योजनांच्या पैशातून खणता येतात. खरी परीक्षा त्यानंतरची.

कारण बोअरवेल हीसुद्धा टेक्नॉलॉजीच की! ज्याच्या खिशात पैसा, तो खोल बोअर मारणार आणि सगळ्यांनी मिळून मुरवलेलं पाणी एकटा उपसणार. जमिनीखाली कुठे कुंपण असतं? म्हणून गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. ऊस आणि केळीलाही नाही म्हटलं. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यानं ज्या जिल्ह्याला ओळख दिली, तिथे उसाला नकार! दोन पैसे जास्त मिळवायची संधी शेतकऱ्यानं शेजाऱ्याच्या विहिरीसाठी सोडायची, हे ऐकायला छान वाटतं, करणं महाकठीण. मला इथली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटली. यंत्र कुठलं वापरायचं, याइतकंच कुठलं वापरायचं नाही, हेही त्यांनी बसून ठरवलं.

जायचंच तर पावसाळा संपता संपता जा. टेकड्या हिरव्या असतात. आणि परत आल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारा: आपली बोअर रोज किती लिटर उपसते, आणि गच्चीवरचं किती लिटर पाणी आपण जमिनीत परत सोडतो? सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा होईल!